युसूफभाईच्या तोंडचा भाव

सकाळचे दहा वाजले असतील. दुसरबीडच्या स्टँडसमोर माझं कापडाचं दुकान आहे. शटर नुकतंच वर केलं होतं, उदबत्ती अजून लावायची होती, तेवढ्यात मशिदीच्या भोंग्यावर खरखर झाली. अजानची वेळ नव्हती. अवेळी भोंगा वाजला की आमच्या गावात हिंदू असो, मुसलमान असो, हातातलं काम थांबतं, कारण अशा वेळी बातमी एकाच प्रकारची असते. "शेख युसूफ शेख इमाम, गादीवाले..." पुढचं मी ऐकलंच नाही. ऐकायची गरजही नव्हती. तीनच दिवसांपूर्वी त्याच्या खाटेजवळ बसून आलो होतो आणि उठताना 'उद्या येतो' म्हणालो होतो. तो उद्या मी दुकानात घालवला. परवाही दुकानातच...

त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याला आंघोळ घालून कफनात ठेवलं होतं, तोंड तेवढं उघडं होतं. लोक येऊन तोंड पाहत होते. मी आधी कापड पाहिलं. काय करू? सारा जन्म कापड विकण्यात गेला, नजर आधी किनारीवर जाते. लठ्ठा चांगल्यापैकी होता, पण माझ्या दुकानातला नव्हता. तीस वर्षांत ज्या माणसानं वीतभर कापड दुसरीकडून घेतलं नाही, त्यानं शेवटचं कापड साखरखेर्ड्याहून आणलं होतं. स्वतः जाऊन, चार महिने आधी, रोख पैसे देऊन. कबर खोदणाऱ्याची मजुरीही त्यानं आधीच देऊन ठेवली होती. शेजारी उभा असलेला एक म्हातारा हळहळून म्हणाला, "पाय बाप्पा, मरनाचेही पैसे आधी देऊन गेला हा मानूस." कापड माझ्याकडून का घेतलं नाही, हे मला माहीत होतं आणि तेच सांगायला मी बसलोय. मी एक खोटं बोललो, ते युसूफच्या नावावर पडलं आणि आठ वर्षं त्याच्याच नावावर राहिलं. तो जिवंत होता तोवर माझ्या तोंडातून खरं निघालं नाही. मेलेल्या माणसाबद्दल गोड गोड वाचायची ज्याला सवय असेल, त्यानं खुशाल पान उलटावं. मी काही त्याच्यावर रागावणार नाही.

युसूफ पिंजाऱ्याच्या घरातला. त्याचे वडील खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे, दारात बसून लोकांचा जुना कापूस पिंजून द्यायचे. युसूफनं विजेवरची मशीन घेतली आणि माझ्या दुकानाच्या डाव्या हाताला दहा बाय बाराची एक खोली धरली. त्या खोलीत कापूस नाही अशी जागाच नव्हती. भिंतीवर कापूस, पंख्यावर कापूस, त्याच्या भुवयांवर कापूस... ऐन तिशीत तो साठीचा दिसायचा. मी चिडवायचो, "युसूफभाई, तुझ्या पोरीचं लग्न जमवायला गेलास तर लोक तुला आजोबा समजतील." तो भुवया झटकून हसायचा. चारचौघांत तो मला 'शेठ' म्हणायचा, आणि आम्ही दोघंच असलो की 'मधू'. आम्ही एकाच वयाचे, आणि सकाळचा चहा एकाच किटलीतला.

आता गादी हा जिन्नस मोठा लबाड, हे ज्यानं ती शिवून घेतली त्यालाच माहीत. एकदा चारी बाजूंनी शिवून टाकली की आत काय आहे ते देव जाणे. वर दोन बोटं नवी रुई आणि पोटात जुन्या गाद्यांचा चोथा, चिंध्या, काहीही. गिऱ्हाइकाला ते कळतं दोन पावसाळ्यांनी, पाठीला गाठी टोचायला लागल्या की. युसूफनं या सगळ्याला दोन नियम लावले होते. पैसे सगळे आधी आणि खर्च सगळा उघडा. गिऱ्हाईक आलं की त्याला खाटेवर बसवायचा आणि एकेक सांगायचा: "पाहा ताई, रुई इतकी लागन, तिचा भाव हा. पाट, म्हंजी खोळीचं कापड, इतके मीटर, त्याची शेठची खरेदी ही, वर मीटरमागं पाच रुपये शेठचे. दोरा, लाइट हे एवढे. माही मजुरी ही. अन् हे दोनशे रुपये माहा निव्वळ नफा. पटलं तं पूरे पैसे आज ठेवा, नाही पटलं तं चहा पिऊन जा." आणि गादी भरून झाली तरी तिची एक बाजू तो शिवायचा नाही. तशीच उघडी घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचा. घरातल्या बाईनं कोपरापर्यंत हात आत घालायचा, कुठूनही मूठभर कापूस काढून उजेडात पाहायचा, आणि ती 'शिवा' म्हणाली की मगच हा दाभण काढायचा.

एवढं उघडं वागून तो गावात लगेच मोठा झाला असेल, असं वाटत असेल तर तुम्ही आमची माणसं पाहिलेली नाहीत! लोकांना आधी संशयच आला. 'एवढं सांगून राह्यला म्हंजी यात काही तरी गोम हाय' असं म्हणत कित्येक जण खाटेवरून उठून गेलेले मी पाहिलेत. एक रिटायर गुरुजी तर तीनदा आले, तीनदा ऐकून गेले आणि चौथ्यांदा येऊन म्हणाले, "ते सगळं ठीक हाय, पन वीस रुपये कमी कर." युसूफ म्हणाला, "नफ्यातले करतो गुरुजी, रुईतले नाही करत. रुईतले केले तं तुमच्या कमरेले समजन. नफ्यातले केले तं ते फकस्त मलेच समजन." गुरुजींनी वीस रुपये वाचवले आणि पुढची वीस वर्षं सगळ्या नातेवाइकांच्या गाद्या त्याच्याकडूनच करवल्या.

मी त्याला एकदा विचारलं होतं की पैसे आधी घेण्याचा एवढा हट्ट कशाला? अर्धे आधी, अर्धे मागून, जगाची रीत आहे. तो म्हणाला, "मागून घ्यायचे असले ना मधू, तं मी कापूस पिंजता पिंजता गिऱ्हाइकाच्या खिशाकडं पाहत बसन. आधी घेतले म्हंजी मीच बांधलो जातो." मला तेव्हा ते पुस्तकी वाटलं. पण हा नियम तो स्वतःलाही लावायचा, हे मी सगळ्यांत आधी अनुभवलं होतं. माझं दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. सगळं भांडवल फळ्या आणि काउंटर करण्यात संपलं होतं, आणि जालन्याचा ठोक व्यापारी रोख दिल्याशिवाय तागा हलवू देत नव्हता. ऐन लग्नसराई तोंडावर आलेली. युसूफ सकाळी आला आणि रुमालात बांधलेले पैसे काउंटरवर ठेवले. "शंभर मीटर गादीपाटाचे हाय. आन जालन्याहून." मी म्हणालो, "अरे, माल अजून पाहिला नाही, भाव मला माहीत नाही, आणि पैसे कसले देतोस?" तो म्हणाला, "आनल्यावर सांगजो ना. तू सांगशीन तोच भाव." माझ्या दुकानातला गादीपाटाचा पहिला तागा त्या पैशांवर आला. हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. दुकानदार असल्या गोष्टी सांगत नसतो.

पण स्वभाव माझा तिखट, आणि वर व्यापारी रक्त. दुकान चालायला लागल्यावर मला त्याचं ते खाटेवरचं पारायण खटकायला लागलं. माझी खरेदी काय, माझे पाच रुपये कसे, हे तो स्टँडवरच्या वाटसरूलाही सांगायचा. मग माझ्याकडे शर्टपीस घ्यायला आलेला माणूस विचारायचा, "पाटावर पाच रुपये घेता अन् यावर काऊन तीस लावले शेठ?" नाकाला मिरच्या झोंबायच्या माझ्या! एकदा मी त्याच्या खोलीत जाऊन चांगलाच भांडलो. म्हणालो, "झाकली मूठ सव्वा लाखाची असते, कळतं का? तुझा धंदा तू चव्हाट्यावर मांड, माझा कशाला मांडतोस?" तो मशीन बंद करून म्हणाला, "मूठ लय दिवस झाकून ठेवली ना मधू, तं आतमंदी काय हाय ते आपनच इसरून जातो." मी म्हणालो, "तुझं तत्त्वज्ञान तुझ्या गादीत भर." तो हसला आणि मशीन पुन्हा सुरू केली. मी तणतणत परत आलो. त्या रागातच केव्हातरी डोक्यात ते शिरलं. हा माणूस मी सांगेन तो भाव सांगतो ना? मग आपण भावच वाढवून सांगावा! याच्या उघड्या बोलण्याला गाव मानतं, ते आपल्या पथ्यावर पडेल. कोण जातंय जालन्याला विचारायला?

सुलतानपूरच्या कमलबाईची ऑर्डर त्याच हंगामात आली. कमलबाई भाजीपाला पिकवणारी बाई. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन आमच्या बाजारात बसायची. नवरा नव्हता, पोरीचं लग्न जमलं होतं, आणि आंदणात सहा गाद्या द्यायच्या असं तिनं ठरवलं होतं. युसूफनं तिच्याकडून पूरे पैसे घेण्याआधी नेहमीसारखं मला विचारलं, "निळ्या पट्ट्याच्या पाटाची खरेदी काय पडली रे?" मला ती पडली होती सत्तर रुपये मीटर. मी म्हणालो, "पंच्याण्णव." त्यानं एकदा 'एवढी?' म्हणून पाहिलं. मी म्हणालो, "माल तेज झालाय." बस्स. एवढंच बोललो मी. त्यानं खाटेवर बसून कमलबाईला सांगितलं, "शेठची खरेदी पंच्याण्णव, पाच शेठचे, शंभर रुपये मीटर." त्या बाईनं लुगड्याच्या गाठीतून पैसे काढून दिले. तीस मीटर कापड. मीटरमागे पंचवीस रुपये. साडेसातशे रुपयांसाठी मी हे केलं. तेव्हा तेवढ्यात एक बरी साडी यायची.

गाद्या झाल्या, कमलबाईच्या ओसरीत जाऊन युसूफनं सहाही गाद्यांत तिला हात घालायला लावला, शेवटची बाजू शिवली, लग्नही झालं. मग महिन्याभरानं बाजाराच्या दिवशी कमलबाई आली ती तरातरा त्याच्या खोलीसमोर. तिच्या भावाला मेहकरला तोच पाट, तोच निळा पट्टा, तोच छाप, पंच्याऐंशी रुपयांना मिळाला होता. तोही दुकानदाराचा नफा धरून. ती रस्त्यात उभी राहून ओरडली, "सगळं उघडं सांगतो म्हने! रांडमुंड बाई पाहून लुटलं मले! चोर हाय हा, चोर! आतमंदी कापूस दाखोते अन् वरतून खिसा कापते!" बाजार होता. माणसं जमली. माझ्या दुकानापासून दहा पावलांवर हे चाललं होतं आणि मी एका गिऱ्हाइकाला पॉपलीन मोजून देत होतो.

युसूफनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एकदाच. रागानं नाही पाहिलं हो... पाहिलं, आणि त्याला कळलं. माझ्या तोंडावर दिसलंच असणार. तो एवढंच म्हणाला असता की 'ताई, भाव मी नाही लावला, तो दुकानदार उभा हाय, त्याले इचारा,' तर मी काय केलं असतं? मला अजून माहीत नाही. तो तसं म्हणालाच नाही. तो म्हणाला, "भाव म्या सांगितला ना ताई? मंग तो माह्याच तोंडचा झाला. चुकलं माहं." माझी मागच्या खेपेची सत्तरची खरेदी त्याला पाठ होती, त्याच हिशोबानं तो आत गेला, साडेसातशे रुपये आणले आणि तिच्या हातात दिले. सहा गाद्यांच्या मजुरीतले असणार, दुसरे कुठून आणणार तो? कमलबाईनं पैसे घेतले आणि जाता जाता पुन्हा एकदा 'चोर' म्हणाली. लोक हसले. गुरुजी त्या गर्दीत होते, तेही पिशवी उचलून निघून गेले. मी मीटरपट्टी सरकवत राहिलो. पॉपलीन अर्धा मीटर जास्त कापलं गेलं, ते मला संध्याकाळी लक्षात आलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती मी दहा पावलांवरून पाहिली आणि मूग गिळून बसलो.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं तो येईल, भांडेल, शिव्या देईल. मी तयारीच केली होती. तो आला, किटलीतला चहा ओतला, माझ्यापुढे कप सरकवला आणि म्हणाला, "घ्या शेठ." आसपास कोणी नव्हतं. आम्ही दोघंच होतो. त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी मधू राहिलो नाही. शेठ झालो, आणि 'तुमी' झालो. अजून एक बदलला तो. पाट माझ्याकडूनच घेत राहिला, पैसे आधीच देत राहिला, पण खरेदी काय पडली हे त्यानं मला पुन्हा कधीही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला सांगायचा, "रुईचा भाव मी सांगतो, पाट तुमी दुकानातून सवता पाहून आना." सगळ्यांना वाटलं, एकदा पकडला गेला म्हणून आता सावध झाला. मीच एकटा होतो ज्याला खरं माहीत होतं, आणि मी त्यांच्यात मान डोलवायचो.

मी त्या वर्षापासून पाटाचा भाव एका पैशानंही वाढवून सांगितला नाही, हे खरं आहे. पण सांगू कोणाला? विचारणाराच विचारेनासा झाला होता. त्याचं ते खाटेवरचं सांगणं पुढेही चालू राहिलं, पण आता लोक ऐकता ऐकता एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावायचे. 'हाव हाव, उघडं सांगतो तू, माहीत हाय आमाले.' गिऱ्हाईक हळूहळू तुटत गेलं. फोमच्या गाद्या आल्या म्हणून तुटलं, असं मी स्वतःला समजावायचो, आणि ते अर्धं खरंही आहे. पण साखरखेर्ड्याचा गादीवाला फोमच्या दिवसांतही चालला, आणि त्याच्या गाद्या काय लायकीच्या असतात ते मला ठाऊक आहे. युसूफजवळ तोंडाच्या शब्दाशिवाय दुसरं भांडवल नव्हतं. त्याच्या तोंडातून खोटं मी वदवून घेतलं.

सांगायचं मी किती वेळा ठरवलं! ईदला शीरखुर्मा प्यायला गेलो की ठरवायचो. दिवाळीला तो फराळाला आला की ठरवायचो. त्याच्या पोरीच्या लग्नात तर त्याला बाजूलाही नेलं होतं. "युसूफभाई, एक बोलायचं होतं." तो थांबला, माझ्याकडे पाहत राहिला, चांगला मिनिटभर वाट पाहिली त्यानं. मी म्हणालो, "मांडवाच्या कापडाचे पैसे राहू दे." तो म्हणाला, "ते कालच देल्ले ना शेठ, तुमच्या दुकानात." आणि पाहुण्यांकडे गेला. मी तिथंच उभा राहिलो. एवढी चिडचिड झाली माझी, आणि तीही कोणावर, तर त्याच्यावरच! हा माणूस एकदा तरी भांडत का नाही, म्हणून.

सगळा जन्म नाकातोंडात कापूस गेला, त्याचा छातीवर परिणाम झाला होता. दोन वर्षं दम लागत होता, मागच्या हिवाळ्यात त्यानं खाट धरली. मशीन विकायला काढली नाही, फडकं घालून झाकून ठेवली. मी जायचो, पण बसायचो थोडाच वेळ. शेवटच्या भेटीत तो उशांना टेकून बसला होता. मला पाहून म्हणाला, "दुकान सोडून कायले आले शेठ?" मी म्हणालो, "असंच." मग त्याची बायको, शमीमभाभी, पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मी घाईघाईनं म्हणालो, "युसूफ, ते सुलतानपूरच्या गाद्यांचं..." त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत एकदम काही तरी आलं. लहान पोराचं नाव पुकारल्यावर येतं तसं. "बोल," तो म्हणाला. 'बोला' नाही म्हणाला. आणि खोकला आधी मला आला की त्याला, मला आठवत नाही. भाभी पाणी घेऊन आल्या, त्याची उबळ थांबेना, त्यांनी पाठ चोळायला घेतली. मी उठलो. 'उद्या येतो' म्हणालो. मला थांबता आलं असतं. उबळ पाच मिनिटांत थांबते. भाभींसमोरही बोलता आलं असतं. पण मला बरं वाटलं होतं उठायला. सुटलो असं वाटलं होतं.

त्याचा चाळीसवा दिवस झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागं सव्वाचार महिने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, म्हणून दाराला पडदा. मी बाहेर खुर्चीवर बसलो आणि पडद्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. सत्तरचे पंच्याण्णव कसे केले, बाजारात कसा गप्प राहिलो, सगळं. आठ वर्षं जे निघत नव्हतं ते कापडाच्या एका पडद्यासमोर भडाभडा निघालं, आणि मी लहान पोरासारखा रडलो. मग आतून भाभी म्हणाल्या, "मले काय सांगता मधूभाऊ? मले तं त्याच दिवशी माहीत झालं. त्या रात्री ते जेवले नाही." मी विचारलं, "मग तुम्ही मला कधी बोलल्या का नाहीत?" त्या म्हणाल्या, "त्यायनं सांगितलं होतं, मधू सवता सांगन, आपन मांगायचं नाही. आता ते तं गेले... ज्यायले माहीत हाय त्यायले सांगून काय फायदा, भाऊ? ज्यायले माहीत नाही, त्यायले सांगा." आवाज चढलेला नव्हता. मी चप्पल घालून निघालो.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी सुलतानपूरला गेलो. खिशात पाकीट होतं, त्यात साडेसातशे रुपये. का घेतले होते कोण जाणे, व्यापाऱ्याला रिकाम्या हातानं जाता येत नाही. कमलबाई आता थकली आहे, पण ओळखलं तिनं लगेच. "या शेठ, आज इकडं कसे काय? बसा, बसा." ओसरीत बाज टाकलेली होती, तिच्यावर निळ्या पट्ट्याची गादी. मी बसलो. पोरीनं पाच नेल्या आणि एक आईसाठी ठेवली, असं ती सांगत होती. मी बोलायला सुरुवात केली आणि या वेळी थांबलो नाही. ती पातेलं घासत होती, तिचे हात थांबले.

"मंग त्यानं तवाच तुमचं नाव काऊन नाही घेतलं?" तिनं विचारलं.

"भाव त्यानं सांगितला होता म्हणून."

"अन् तुमी काऊन नाही बोलले?"

"हिंमत झाली नाही."

"अन् तो मेल्यावर झाली?"

मी पाकीट काढून तिच्यापुढे धरलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते त्यानं तवाच देल्ले," ती म्हणाली. मग पातेलं बाजूला ठेवून ती तशीच खाली बसून राहिली, राखेचे हात मांडीवर ठेवून. "अव माय... मी त्याले भर बाजारात चोर म्हटलं. त्यानं पैसे देल्ले अन् मले ताई म्हटलं. आठ वर्सं मी त्याच्या खोलीसमोरून मान फिरवून गेली. तो हात जोडायचा, तरी मी पाहायची नाही... आता मी कोनापाशी जाऊन म्हनू, का बाप्पा माहं चुकलं?" ती एकदम माझ्याकडे वळली. "अन् हे माह्या घरात येऊन कानात सांगून काय होते? मी काही हळू नव्हती बोलली. मी बोलली तं सगळा बाजार ऐकत होता." मी म्हणालो, "सगळ्यांना सांगतो. लिहून सांगतो. पेपरात देतो." आणि म्हणून हे लिहिलंय. गादीपाटाची माझी खरेदी सत्तर रुपये होती. पंच्याण्णव मी सांगितली. युसूफ चोर नव्हता.

मी तिला हे सगळं कबूल केलं, तरी ती माझ्याकडे पाहत होती, काही तरी राहिल्यासारखी. मला वाटलं चहाचं विचारेल. आमच्याकडे आल्यागेल्याला, भांडण असलं तरी, चहाचं विचारतात.

"उठा शेठ," ती म्हणाली. "त्या गादीवरून उठा."

मी उठलो. तिनं राखेचे हात लुगड्याला पुसले, जवळ आली आणि मी बसलो होतो तिथला खळगा तळहातानं थापटून सारखा करायला लागली.